माहेरची केळ

माझ्या मायचा डोळा आमच्या गावात नावाजलेला होता. सकाळी कोयता घेऊन ती केळीच्या बागेत शिरायची आणि ओळीतून नुसती चालत जायची. मध्येच एखाद्या झाडापाशी तिचा हात कोवळ्या पानाला लागायचा, पान उजेडाकडे वळायचं आणि पुढच्या क्षणी झाड आडवं झालेलं असायचं. मी शेजारी उभी असूनही मला त्या पानावर काहीच दिसलेलं नसायचं. खाली पडलेलं पान हातात घेऊन नीट पाहिलं, की मग सापडायची शिरेला समांतर गेलेली एक फिकट पिवळी रेघ. "हरण्या," माय म्हणायची आणि थुंकायची.

आमच्याकडे केळीच्या या रोगाला हरण्या म्हणतात. तो विषाणूचा रोग आहे. मावा नावाची बारकी कीड रस शोषत एका झाडावरून दुसऱ्यावर जाते आणि जाताना तो सोबत नेते. आधी पानावर रेघा येतात, मग मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. झाड उभं राहतं, पण निसवत नाही, म्हणजे त्याला घड येत नाही. औषध नाही. झाड मुळासकट काढून लांब नेऊन टाकायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. ते काम मायएवढं निर्दयपणे करणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. बाबा असताना ते हळहळायचे, महिनाभर थांबून बघू म्हणायचे. माय ऐकून घ्यायची आणि ते चहा प्यायला गेले की झाड तोडायची.

गाव आमचं चांदनीच्या बाजूला. मी बऱ्हाणपुरात राजपुऱ्यात खोली घेऊन राहते आणि एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. शिकवते हिंदीतून, चिडते मराठीतून. पोरांना हे माहीत आहे, त्यामुळे मी मराठीत सुरू झाले की वर्ग गपगार होतो. लग्न केलं नाही, म्हणून विहिरीजवळच्या केळीतला माझा वाटा अजून बाकी आहे, असं माय लोकांसमोर मुद्दाम म्हणायची.

हा वाटा म्हणजे आमच्या घराची रीत. मळ्यातल्या विहिरीजवळ केळीचं एक जुनं बेट होतं. बागेत दरसाल काय काय व्हायचं, पण या बेटाला कधी एक रेघ आली नाही. त्याच्या बुडाशी फुटणारी पिलं आम्ही विकली नाहीत. ती लेकींची. घरातली मुलगी सासरी निघाली, की तिच्या पाठोपाठ टेम्पो भरून ही पिलं जायची आणि सासरच्या शेतात माहेरची केळ म्हणून लागायची. माझ्या आत्यांची तशीच गेली होती. पुढे त्या बागा मोडल्या, तिथे कापूस आला, पण आत्या म्हाताऱ्या झाल्या तरी 'माझी केळ' म्हणत राहिल्या. आमच्याकडे मुलीच्या नावावर जमीन कुणी करत नाही. ही केळ तेवढी तिची असायची.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा मायने स्वतः एकेक पील उचलून, पान उलटून पाहून टेम्पोत भरलं. ज्याच्याबद्दल जराही शंका आली, ते बाजूला. धाकटी तापीपल्याड गेली. सासर खाऊनपिऊन सुखी, नवरा सरळ, पण घरात शब्द सासूचा. धाकटीने माहेरच्या केळीवर पहिल्या वर्षी जे घड काढले, ते पाहून सासूने शेजारणींना बोलावून दाखवले. धाकटी फोनवर सांगताना नुसती फुलून गेली होती. "ताई, आज सासूनं मले विचारलं, पानी कधी सोडू म्हणून. मले विचारलं!" ती घरात मोजली जाऊ लागली होती, ती या केळीमुळे.

दुसऱ्या लावणीला तिचा फोन आला तो शाळेची मधली सुट्टी चालू असताना. "ताई, पूरी लाईन पिवळी पडली ग." मी म्हटलं, कोयता घे आणि तोड. तिने तोडली. बागेत नांग्या पडल्या, म्हणजे ओळीत मोकळ्या जागा. नांग्या भरायला रोपं हवीत, म्हणून तिने मायला फोन केला. मायने विहिरीजवळच्या बेटाची पिलं पाठवली. त्यातली काही आठ-दहा पानांची झाली आणि पिवळी पडली. मायने पुन्हा पाठवली. पुन्हा पडली. माय इकडे हवालदिल. म्हणायची, "त्याहिच्या जमिनीतच दोष असंल, बाई. आपल्याकडे देख, एक रेघ नही."

आमच्याकडे खरंच एक रेघ नव्हती. तिथेच घात झाला. आमची बाग हिरवीगार आणि तिची पिवळी, हे दोन्ही गावांनी पाहिलं आणि सासूने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. एक दिवस जेवणाच्या ताटावर ती धाकटीला म्हणाली, "तुह्या मायनं चांगली पिलं सोताले ठेवली अन् गाळ तुह्या पदरात टाकला." धाकटीने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. मला तेच जास्त भयंकर वाटलं. ती सासूचं बोलणं मला सांगत होती, पण शेवटी हळूच विचारत होती, "असं नसंल ना ग, ताई?"

मी तिच्यावर इतकी ओरडले, की शिक्षकांच्या खोलीतले सगळे वळून बघायला लागले. आईने दिलेल्या वस्तूवर मुलीने संशय घ्यावा, इतपत ही गोष्ट गेली होती.

मी तिच्या शेतावर गेले. केळीच्या ओळींमध्ये काकडीचे वेल पसरले होते. मोकळी जागा फुकट का घालवा, म्हणून सासूने लावलेले. काकडीलाही हाच रोग होतो आणि मावा तिच्यावर मनसोक्त वाढतो. वेलांची पानं उलटली तर खाली मावाच मावा. आणि रोगट झाडं जागच्या जागी उभी! धाकटीने सुरुवातीला तोडली, पण नंतर सासूने कोयता काढून घेतला होता. उभं झाड आज ना उद्या निसवेल, तोडलेलं कधीच निसवणार नाही, असा तिचा हिशेब. पोंगे सडलेली झाडं ओळीने उभी होती आणि त्यांच्यामधून धाकटी मायने पाठवलेल्या नव्या पिलांना पाणी देत फिरत होती. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला.

एक शंका माझ्या मनात यायला लागली होती आणि मी ती दाबत होते. माझी एक मैत्रीण अशा ठिकाणी काम करते, जिथे केळीच्या रोपांची विषाणूसाठी तपासणी होते. मी धाकटीच्या शेतातली पानं घेतली आणि परत येताना, मायला न सांगता, विहिरीजवळच्या बेटाचीही घेतली. मैत्रिणीचा फोन आला. "दोन्हीकडे आहे. तुझ्या मायच्या बेटात तर भरपूर आहे, फक्त दिसत नाहीये."

मी राजपुऱ्यातल्या माझ्या खोलीत दार लावून बसले. समोर बारावीचं पुस्तक होतं. दुसऱ्या दिवशी उत्क्रांतीचा धडा घ्यायचा होता. उत्क्रांती म्हटलं की पोरांना हाडं, माकडं आणि लाखो वर्षं आठवतात. मलाही तसंच शिकवलं गेलं. कुणी सांगितलं नाही, की ती माझ्या मायच्या कोयत्याखाली माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

आमच्या बागेतला विषाणू सगळा एकसारखा नव्हता. काही झाडाला लगेच पिवळं करणारा, काही गुपचूप राहणारा. जो दिसला, त्याचं झाड मायने तोडलं आणि तो तिथेच संपला. जो दिसला नाही, त्याचं झाड निरोगी ठरलं. नुसतं निरोगी नव्हे, सर्वांत चांगलं ठरलं, विहिरीजवळ त्याला शेणखत मिळालं आणि त्याची पिलं लेकींच्या मागून वाजतगाजत गेली. वर्षानुवर्षं माय डोळ्यांत तेल घालून रोग काढत होती आणि त्याच डोळ्यांनी न दिसणारा रोग निवडत होती. तिचा डोळा जितका तीक्ष्ण, तितका तो रोग लपण्यात तरबेज. तिने आळस केला असता, तर कदाचित हे इतकं झालं नसतं. हा विचार मनात आला आणि मी पुस्तक भिंतीवर फेकलं.

मग तोच विषाणू टेम्पोत बसून तापीपल्याड गेला. तिथे कोयता थांबलेला होता. लपून राहण्याचा काही फायदाच उरला नाही. मावा भरपूर, काकडी भरपूर, आणि जो झपाट्याने वाढेल तोच माव्याच्या सोंडेतून पुढच्या झाडावर पोचणार. काही हंगामांतच गरीब गाय वाघ झाली. झाडं मेली तशी बागेत ऊन शिरलं, उन्हात वेल आणखी माजले, वेलांवर मावा वाढला आणि माव्याने रोग आणखी पसरवला. रोगाने बाग बदलली आणि बदललेल्या बागेने रोग बदलला. मधल्या नांग्यांत आम्ही कोवळी पिलं लावत राहिलो, म्हणजे चुलीत लाकडं सारत राहिलो. आणि केळ बिचारी काय बदलणार? तिला बी नाही. बेटातलं प्रत्येक पील म्हणजे तेच जुनं झाड. सगळे बदलत होते, ती तेवढी होती तिथेच उभी होती.

हे सगळं मी सिद्ध करू शकत नाही. मैत्रीण म्हणाली, हवेचाही भाग असेल, थंड आणि ढगाळ दिवसांत रेघा जास्त उठून दिसतात. असेल. पण मी ते शेत पाहिलं होतं.

मायला सांगायला गेले तेव्हा ती त्याच बेटाला आळं करत होती. मी सांगितलं. तिने खुरपं खाली ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, "देख. सगळी पानं देख. यातलं एक पिवळं पान मले दाखव, मी आत्ता हे बेट उपटून टाकते."

मी पानं पाहिली. एकही नव्हतं.

"माय, ते दिसत नाही म्हणूनच तर..."

"जे दिसत नही ते हाये, अन् जे दिसते ते नही! हे शिकवू राहिली तू पोट्ट्याहिले?" तिचा आवाज फाटला. "माह्या हातानं मी माह्या लेकीले रोग देला म्हणते?"

मी तिला हेच तर सांगत होते.

त्या दिवशी माय जेवली नाही. पण ती माय आहे, ऐकीव गोष्टीवर विसंबणारी नव्हे. मी शहरात परतल्यावर तिने बेटाची काही पिलं काढली आणि घराच्या मागे, बागेपासून लांब, मोरीच्या पाण्यावर लावली. त्यांच्यामध्ये काकडी टोचली. आणि आयुष्यात पहिल्यांदा कोयता न लावता नुसती पाहत बसली. पावसाळा उतरला, थंडी आली. एका रविवारी मी गेले तर तिने मला मागच्या अंगणात नेलं. पिलं पिवळी पडली होती. त्यांच्यातल्या एकाचा पोंगा सडून वास मारत होता. माय म्हणाली, "बागेत असती त मी याहिले पहिल्या रेघेलेच तोडलं असतं. मंग मले कसं समजलं असतं?" मी त्या झाडांचा फोटो काढला. मायने ती सगळी उपटली, खड्डा केला आणि पुरली.

पण विहिरीजवळचं बेट तिने तोडलं नाही. मी खूप डोकं फोडलं. ती फक्त म्हणायची, "कोणाले देत नही ना मी आता. राहू दे." ती या घरात सून म्हणून आल्यापासून ते एकच झाड होतं ज्याच्यावर तिचा हात कधी उठला नव्हता. मीही मग जोर केला नाही. बाग हळूहळू मोडून तिथे हरभरा घ्यायचा, एवढं तिने कबूल केलं.

दरम्यान पलीकडे धाकटीची बाग सासूने नांगरून टाकली. धाकटीचे फोन कमी झाले. केला तरी ती कुजबुजत बोलायची. पाणी कधी सोडायचं हे तिला आता कुणी विचारत नव्हतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ती हूं हूं करायची. मला वाटलं, पटलं असेल.

आखाजीला ती माहेरी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. झाडाला झोका बांधलेला, घरात पुरणाचा वास. ती वाळली होती. दोन दिवस बरे गेले. ती मायच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, झोक्यावर बसली, माझ्या खोलीवरून आणि स्वयंपाकावरून तिने माझी यथेच्छ टिंगल केली. तिसऱ्या दिवशी नवरा न्यायला आला, तेव्हा ती मायला विहिरीकडे घेऊन गेली. मी मागोमाग गेले.

बेट उन्हात हिरवं चकचकीत उभं होतं. ऐन उन्हाळ्यात रेघेचं नावही नसतं. बुडाशी पिलं फुटलेली होती, टोकदार, तजेलदार, पाहणाऱ्याला मोह पडावा अशी.

"माय," धाकटी म्हणाली, "मृगाले लावणी करायची हाये. सासू एक बार फिर करू म्हणली. पन पिलं माहेरच्या असली बेटाची पाहिजे म्हणली. याच बेटाची. मी आणीन म्हणून सांगून आली."

माय म्हणाली, "हे नको, बाई. दुसरं काही बी माग."

"का नको?"

"रोग हाये त्याच्यात."

धाकटीने बेटाकडे पाहिलं. मग पुढे जाऊन तिने एक पान उजेडाकडे वळवलं, अगदी मायसारखं. "कुठं हाये? दाखव मले. एक रेघ दाखव."

मी मध्ये पडले. मोबाईल काढून तिला मागच्या अंगणातल्या पिलांचा फोटो दाखवला. तिने तो धड पाहिलाही नाही. "ताई, असे फोटो माह्याकडे पन आहेत. माह्याच खेतातले." मायने तिचा हात धरला, शपथ घातली, कसं लावलं, कसं पिवळं पडलं, सगळं सांगत सुटली. बोलता बोलता ती रडायला लागली. धाकटी तिच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब जुळल्यावर माणूस जसं गप्प होतं, तशी ती गप्प होती.

"मंग तुमची कशी हिरवी हाये?" ती म्हणाली.

मायने तिचा हात सोडला. विहिरीच्या कठड्यावर कोयता होता. तो घेऊन तिने बेटावर घाव घातला. एक खोड आडवं झालं, मग दुसरं. खोडातलं पाणी उडून तिच्या तोंडावर आलं. ती पिलांवरही घाव घालत होती, बुडातून, एकेक करून. मला वाटलं, आता तरी धाकटीला कळेल. कुणी आपली इतकी जपलेली वस्तू उगाच तोडतं का?

धाकटी किंचाळली. "माय! देलं नही, अन् वरतून तोडलं बी!"

मायचा कोयता हवेतच थांबला.

"सासू बराबर बोलत व्हती," धाकटी म्हणाली आणि वळून घराकडे निघाली. मी तिच्या मागे धावले. पायरीवर तिने चपला घातल्या, पिशवी उचलली. मायने तिच्यासाठी बांधलेल्या पुरणपोळ्या, सांडगे, नवं लुगडं, सगळं ओट्यावर तसंच राहिलं. जावयाला काही समजेना. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी हात जोडून उभी होते. त्याने गाडी सुरू केली. आमच्या घरातून लेक रिकाम्या हाताने गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी विहिरीकडे परत गेले तेव्हा माय तोडलेल्या खोडांच्या मधोमध बसली होती. तिच्या हातात एक कोवळं पान होतं. ती ते उजेडाकडे धरून पाहत होती, इकडून आणि तिकडून. मला वाटलं, आता ती मला सुनावेल, तुझ्या पुस्तकामुळे माझी पोरगी गेली म्हणेल. मी त्याची वाटच पाहत होते.

तिने पान खाली ठेवलं.

"हिरवंच हाये ग," ती म्हणाली. "मंग मी आता पाहू तरी काय?"